वाढीव नमुन्यांचा हिशेब

कॉम्पॅक्ट डिस्कवरील संगीत म्हणजे प्रत्येक वाहिनीमागे सेकंदाला ४४,१०० नमुन्यांची नोंद. वादनाच्या वेळी ही संख्या आठपट करावयाची असेल, तर संगणक प्रथम दर दोन नमुन्यांमध्ये सात शून्ये घालतो, आणि त्यामुळे २२,०५० हर्ट्झच्या वर उमटणाऱ्या मूळ ध्वनीच्या प्रतिमा काढून टाकण्यासाठी सारा प्रवाह एका गणिती गाळणीतून नेतो. खरा खर्च या गाळणीचाच. ती १,०२४ गुणकांची असेल, तर दोन्ही वाहिन्या मिळून सेकंदाला सुमारे ७२ कोटी गुणाकार पडतात. परंतु दर आठांपैकी सात गुणाकार शून्याशीच होत असल्याने ते मुळातच वगळण्याची तरतूद चांगल्या आज्ञावलीत केलेली असते, आणि मग उरणारे ९ कोटी गुणाकार आजच्या साध्या मोबाइललाही जड नाहीत.

संगणकाची खरी कसोटी लागते ती संगीत एकबिटी स्वरूपात (प्रत्येक नमुना केवळ एका बिटाचा) बदलताना, जेथे उदाहरणार्थ सेकंदाला १,१२,८९,६०० नमुने घडवताना प्रत्येक नमुन्याचा निर्णय मागील नमुन्यांच्या चुकीवर अवलंबून असतो, आणि म्हणून एका वाहिनीचे हे काम प्रक्रियकाच्या अनेक गाभ्यांत सहजासहजी वाटून देता येत नाही. येथे गाभ्यांच्या संख्येपेक्षा एकेका गाभ्याचा वेगच निर्णायक ठरतो.

एवढ्या खटाटोपाने मूळ ध्वनिमुद्रणात नवी माहिती मात्र तिळमात्र दाखल होत नाही. शिवाय अंकीय नमुन्यांचे सलग विद्युत्संकेतात रूपांतर करणाऱ्या बहुतेक चिपा नमुने वाढवण्याचे हेच काम स्वतः करीत असतात; तेव्हा केवळ यासाठी महागडा संगणक घेण्यापूर्वी वाचकांनी हाताशी असलेल्या यंत्रावरच मूळ आणि वाढीव नमुन्यांचे असे दोन्ही प्रकार शांतपणे ऐकून पाहावेत.