वाळवण एकदम, भाकर रोजची : संशोधनातली कोणती कामं एकत्र करायची?

"ताई, दिवसभर काही ना काही करतच असते, पण संध्याकाळी बघावं तर एकही काम पूर्ण नाही." पेटची तयारी करणारी एक मुलगी मागच्या आठवड्यात मला म्हणाली. यावर नेहमीचा सल्ला असा, की सारखी कामं एकत्र करा. सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. मी तो पूर्ण समजून न घेता पाळला आणि एका फेरीचा डेटा जवळजवळ घालवला. म्हणून आज दोन्ही बाजू सांगते.

आधी हे समजून घेऊ, की कामं एकत्र केल्यानं वेळ का वाचतो.

१९२७ साली आर्थर जर्सिल्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं एक साधा प्रयोग केला. लोकांना आकड्यांच्या याद्या दिल्या. काही याद्यांवर एकच क्रिया करायची, काहींवर आलटून पालटून दोन, म्हणजे एका आकड्यात मिळवायचं, पुढच्यातून वजा करायचं. बेरीज-वजाबाकी सगळ्यांनाच येत होती, तरी आलटून पालटून करताना जास्त वेळ लागला. पण याद्यांत एकाआड एक शब्द आणि आकडे असले, म्हणजे काय करायचं ते समोरची वस्तूच सांगत असली, तर हा तोटा दिसेनासा झाला. पुढे १९९५ मध्ये रॉजर्स आणि मॉन्सेल यांनी दाखवलं, की तयारीला वेळ दिला तर अदलाबदलीचा तोटा कमी होतो, पण संपत नाही.

यातून आपल्या कामाचं काय निघतं? कामं दिसायला सारखी पण करायची रीत वेगळी, तिथं अदलाबदल सगळ्यात महाग पडते. म्हणून गट विषयाप्रमाणे नाही, तर क्रियेप्रमाणे पाडायचे.

माझंच उदाहरण घ्या. मी संग्रामपूर तालुक्यातल्या विहिरींच्या पाण्यावर काम करते. उत्तरेला टुनकी-सोनाळ्याकडं सातपुड्याचा पायथा, दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा. दोन्हीकडच्या पाण्यात फरक किती, हा माझा प्रश्न. प्रयोगशाळेत क्लोराइड आणि कठीणपणा या दोन्ही चाचण्या ब्युरेटनेच होतात. पण क्लोराइडला सिल्व्हर नायट्रेट घालायचं आणि पिवळ्याचा विटकरी रंग होताना थांबायचं. कठीणपणाला ईडीटीए घालायचं आणि लालसर रंग निळा होताना थांबायचं. सुरुवातीला मी एक बाटली घ्यायची, तिच्या दोन्ही चाचण्या करायच्या, मग दुसरी बाटली. दर वेळी ब्युरेट धुवा, भरा, आणि डोळ्याला पुन्हा शिकवा की आता कुठल्या रंगाला थांबायचं. नंतर २४ बाटल्यांचं क्लोराइड एका बैठकीत आणि कठीणपणा दुसऱ्या बैठकीत करू लागले. वेळ तर वाचलाच, शिवाय एकाच नमुन्याचे तीन आकडे एकमेकांच्या जास्त जवळ यायला लागले.

आपल्या घरी हे कुणी शिकवावं लागत नाही. कुरड्या कुणी रोज चार-चार करत नाही. गहू तीन दिवस भिजवायचा, चीक काढायचा, मोठं पातेलं चढवायचं, सोऱ्या शोधायचा, गच्चीवर कापड अंथरायचं, शेजारच्या काकूंना बोलवायचं. एवढी मांडामांड एकदा केली, की वर्षाचं करून मोकळं व्हायचं. पण भाकर? ती रोजचीच. आठवड्याच्या भाकरी रविवारी थापून ठेवल्या तर बुधवारी कोण खाईल? चुकले मी ती इथं.

पहिल्या फेरीत मी ठरवलं, की विहिरीवर फक्त बाटली भरायची आणि नंबर टाकायचा. बाकीच्या नोंदी संध्याकाळी एकदम बसून करू. संध्याकाळी वही उघडली तर ११ आणि १२ नंबरच्या बाटल्या समोर, आणि घराजवळची विहीर कोणती, वावरातली कोणती, काही केल्या आठवेना. दोन्ही टाकून द्याव्या लागल्या. परत जाईपर्यंत पाऊस पडून गेला होता, म्हणजे ते पाणीच राहिलं नव्हतं.

आठवण नासते, तसे नमुनेही नासतात. पाण्याचा पीएच आणि तापमान विहिरीवरच मोजायचं. नायट्रेटची बाटली थंड ठेवून साधारण ४८ तासांत तपासायची. क्लोराइड मात्र काही आठवडे थांबू शकतं. म्हणजे क्लोराइड हे वाळवण, आणि नोंद, पीएच, नायट्रेट ही भाकर.

दुसरी चूक जास्त गंभीर होती. सोय म्हणून मी खारपाण पट्ट्यातल्या सगळ्या बाटल्या सोमवारी तपासल्या आणि पायथ्याकडच्या सगळ्या गुरुवारी. मध्ये सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण संपलं, नवं केलं. आकडे छान आले, दोन्हीकडं मोठा फरक. मी खुशीत तक्ता घेऊन गेले. मॅडमनी एकच विचारलं, "हा फरक पाण्याचा, की सोमवार-गुरुवारचा?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. द्रावण थोडं कमी-जास्त झालं असेल, तर एका अख्ख्या भागाचे आकडे एकाच बाजूला सरकले असणार, आणि नेमकी त्याच दोन भागांची तुलना माझ्या प्रबंधाचा पाया. बाटल्यांत पाणी उरलं होतं म्हणून वाचले. या वेळी दोन्ही भागांच्या बाटल्या मिसळून, चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवला. शिवाय प्रत्येक बैठकीत मिठाचं प्रमाण माहीत असलेला एक नमुना ठेवला. फरक टिकला, पण आधीपेक्षा लहान झाला. पहिला तक्ता तसाच छापला असता तर?

हे फक्त प्रयोगशाळेपुरतं नाही. मुलाखतींवर काम करणाऱ्यांनी सगळ्या महिलांच्या मुलाखतींचं कोडिंग आधी आणि पुरुषांच्या मुलाखतींचं नंतर केलं, तर मधल्या काळात बदललेली तुमची नजरच स्त्री-पुरुष फरक म्हणून दिसू शकते. मिसळून करा, आणि शेवटी सुरुवातीच्या दोन-तीन मुलाखती परत कोड करून ताडून बघा.

तर कामाची यादी समोर ठेवून प्रत्येक कामाला तीन प्रश्न विचारा.

१. याची मांडामांड मोठी आहे का? असेल तर एकत्र करा. संदर्भसूची नीट करणं, ईमेल, फॉर्म, झेरॉक्स ही अशीच कामं. संग्रामपूरहून अमरावतीला विद्यापीठात जायचं तर माझा अख्खा दिवस जातो, म्हणून ग्रंथालय, सही आणि ऑफिसचं काम एकाच फेरीत. पेपर वाचतानाही हे जमतं. पाच पेपरांचे फक्त पद्धतीचे भाग सलग वाचून बघा, कुणी काय वेगळं केलं ते लगेच दिसतं.

२. थांबल्यानं हे नासेल का? नासणार असेल तर तिथल्या तिथं करा. क्षेत्रनोंदी, बाटलीवरची चिठ्ठी, वाचताना सुचलेली शंका, फाइलला दिलेलं नाव, ही सगळी रोजची भाकर.

३. मला ज्यांची तुलना करायची आहे, ते वेगवेगळ्या गठ्ठ्यांत तर जात नाहीत ना? जात असतील तर थांबा. आधी मिसळा, मग गठ्ठे करा.

पहिला प्रश्न तुमचा वेळ वाचवतो. उरलेले दोन तुमचं संशोधन वाचवतात. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आता हे तिन्ही प्रश्न लिहिलेले आहेत, आणि विहिरीवरून नोंद पूर्ण केल्याशिवाय मी गाडीला किक मारत नाही.