खुर्चीचा नकार : गर्वाच्या एका निःशब्द रूपककथेची घडण

रूपककथेत अमूर्त भावाला पात्राचे रूप लाभते, आणि त्या पात्राची ओळख बहुधा नावाने वा संवादाने पटवली जाते. शब्दच वर्ज्य केले, तर गर्वासारखा विकार दाखवावा कसा? नॉर्मन मॅक्लरेन व क्लोद ज्युत्रा यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळासाठी १९५७ मध्ये केलेला ‘अ चेअरी टेल’ हा सुमारे १० मिनिटांचा कृष्णधवल लघुपट म्हणजे या प्रश्नाचे एक उत्तर होय. परीकथेच्या इंग्रजी नावावर शीर्षकात श्लेष आहे. परीच्या जागी खुर्ची आली आहे.

एक तरुण पुस्तक घेऊन येतो व खुर्चीवर बसू पाहतो. खुर्ची बाजूला सरते. तो पाठलाग करतो, झोंबतो, मनधरणी करतो. ती बधत नाही. आपल्यालाही कोणावर तरी बसावयाचे आहे, हा तिचा हेतू अखेरीस त्याच्या ध्यानी येतो. तो स्वतःचेच आसन करून देतो. त्यानंतरच ती त्याला बसू देते.

तरुणाची भूमिका स्वतः ज्युत्रा यांनी केली. खुर्चीला एव्हलिन लँबर्ट यांनी बारीक दोऱ्यांच्या साहाय्याने हालविले. चित्रणाचा वेगही ठिकठिकाणी बदललेला आहे. कॅमेरा मंद चालवून घेतलेली हालचाल पडद्यावर शीघ्र दिसते. त्यामुळे माणूस किंचित यंत्रवत् व खुर्ची किंचित सजीव भासते. दोघे एकाच पातळीवर आल्याखेरीज रूपक सिद्ध झाले नसते. संवादाची उणीव रविशंकर, चतुरलाल व मोडू मल्लिक यांच्या संगीताने भरून निघाली आहे.

‘तरुण खुर्चीवर बसतो’ या वाक्यात तरुण कर्ता, तर खुर्ची केवळ अधिकरण. हे वाक्य उलटेही होऊ शकेल, अशी शंकादेखील तरुणाला येत नाही. त्याचा गर्व तो हाच. त्यात बढाई नाही, म्हणूनच तो त्याला स्वतःला दिसत नाही. मराठीत ‘खुर्ची’ हा शब्द सत्तेचा वाचक झाला आहे. तो अर्थ येथे लावल्यास मात्र रूपक विपर्यस्त होईल. येथील खुर्ची सत्ता नव्हे, सेवक आहे. उलट, गर्वाला मराठीत ‘ताठा’ म्हणतात, तो शब्द येथे अक्षरशः लागू पडतो. आसन होण्यासाठी तरुणाला गुडघे वाकवावे लागतात. ताठा जातो तो प्रथम देहातून. बोधवचनाचे कार्य एका शारीरिक कृतीने साधले आहे, आणि शब्दांची गरज तेथेच संपते.