लहान आतड्यातल्या गाठी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज: वरून आणि खालून दुर्बीण घालून झाली, काही सापडले नाही, म्हणजे आतड्यात गाठ नाही.

वस्तुस्थिती: सर्वांत महागात पडणारा समज हाच. तोंडावाटे घातलेली नेहमीची दुर्बीण जठर ओलांडून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागापर्यंतच पोचते. खालून घातलेली दुर्बीण मोठे आतडे पाहून लहान आतड्याच्या शेवटच्या टोकात जेमतेम डोकावते. लहान आतडे साधारण 20 फूट लांब. त्यातला बहुतेक भाग दोन्हींना दिसतच नाही. सोनोग्राफीतही आतड्यातल्या हवेमुळे छोटी गाठ निसटते. मग हिमोग्लोबिन पुन्हा पुन्हा घसरते, लोहाच्या गोळ्या चालू राहतात आणि दोष मूळव्याधीवर जातो. अशा वेळी आतड्याचा खास सीटी स्कॅन किंवा कॅप्सूल एंडोस्कोपी उपयोगी पडते. गिळायच्या गोळीएवढा हा कॅमेरा 2001 पासून वापरात आहे. मात्र आतडे कुठे अरुंद झाल्याची शंका असेल तर तो अडकू शकतो, म्हणून स्कॅन आधी.

गैरसमज: गाठ साधी आहे, म्हणजे निर्धास्त राहायचे.

वस्तुस्थिती: चरबीची किंवा स्नायूची साधी गाठ शरीरात पसरत नाही, हे खरे. पण ती रक्तस्राव करू शकते, आतड्याचा मार्ग अडवू शकते. कधी आतड्याचा एक भाग दुसऱ्यात ओढला जातो आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. अडेनोमा ही गाठ आज साधी असली तरी तिचे पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकते.

गैरसमज: लहान आतड्याचा कर्करोग म्हणजे सगळे संपले.

वस्तुस्थिती: हा एकच आजार नाही. अडेनोकार्सिनोमा बहुधा आतड्याच्या सुरुवातीला होतो आणि त्यावर शस्त्रक्रिया हा मुख्य उपाय. न्यूरोएंडोक्राइन गाठी अनेकदा वर्षानुवर्षे संथ वाढतात. लिम्फोमावर बहुतांशी औषधोपचार चालतात. ‘जिस्ट’ गाठींच्या उपचारात 2002 नंतर इमॅटिनिबच्या गोळ्यांनी मोठा फरक पडला. आणि आपल्याकडे एक गोष्ट विसरून चालत नाही: लहान आतड्याच्या शेवटी दिसणारी जाड, अरुंद जागा क्षयरोगाचीही असू शकते. स्कॅन पाहून स्वतःच निष्कर्ष काढू नका.

पचनमार्गाच्या कर्करोगांत लहान आतड्याचा वाटा पाच टक्क्यांहूनही कमी आहे, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. पण डांबरासारखी काळी शौच, जेवणानंतर पुन्हा पुन्हा येणारी कळ आणि उलटी, कारणाविना घटणारे वजन किंवा न सुटणारा रक्तक्षय असेल, तर पोटविकारतज्ज्ञांना स्पष्ट विचारा: “डॉक्टर, लहान आतडे तपासायला हवे का?”