जुलाबाची गोळी देण्याआधी

पावसाळा लागला की सांगलीतल्या मेडिकलमध्ये एक वाक्य दिवसभर कानावर पडतं, ‘पोट सुटलंय, बंद व्हायची गोळी द्या.’ चिठ्ठी नसते, औषधाचं नावही कोणी घेत नाही. रंग आणि पाकीट मात्र पाठ असतं. बहुतेक दुकानांत अशा वेळी नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोल किंवा ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची पट्टी कात्रीनं कापली जाते आणि दोन-चार गोळ्या कागदात जातात. मी ज्या फार्मासिस्टच्या शेजारी बसून हे काम पाहत होतो, त्याची कात्री बराच वेळ ड्रॉवरमध्येच राहिली.

‘मावशी, गोळीचं नंतर बघू. शी पाण्यासारखी होतीय की रक्त, आव पडतीय?’

‘पाण्यावानी हाय. पोराला रातीपास्नं सात-आठ येळा झाली.’

‘ताप? लघवी होतीय ना?’

त्यानं ओआरएसची पाकिटं आणि लहान मुलांच्या झिंकच्या गोळ्या काढल्या. एक पाकीट लिटरभर पाण्यात कसं कालवायचं ते सांगितलं. रक्त दिसलं, पोर मलूल झालं किंवा लघवी थांबली तर तडक सिव्हिलला न्या, असं दोनदा बजावलं. मावशींचा चेहरा पडला. औषध मिळालंच नाही असं त्यांना वाटलं असणार. पण औषध मिळालं होतं. पाण्यासारखे जुलाब बहुधा विषाणूंचे किंवा ऑक्सिजनवर वाढणाऱ्या जिवाणूंचे असतात आणि पट्टीतला टिनिडाझोल त्यांना काहीच करू शकत नाही.

या औषधांचं बळ आणि मर्यादा एकाच गोष्टीत आहे. मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल, ऑर्निडाझोल, सेक्निडाझोल हे सगळे नायट्रोइमिडाझोल कुळातले. गोळी पोटात जाते तेव्हा ती निष्क्रिय असते. ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जंतूच्या पेशीत शिरल्यावर त्या पेशीतले इलेक्ट्रॉन तिच्या नायट्रो गटावर येतात, त्यातून अल्पायुषी पण विषारी रेणू तयार होतात आणि ते जंतूचा डीएनए तोडतात. अमिबा, जिआर्डिया, ट्रायकोमोनास आणि हिरड्या, आतडं, गळू यांतले ऑक्सिजन न लागणारे जिवाणू असे मरतात. जिथे ऑक्सिजन आहे, तिथे ही क्रिया घडतच नाही.

या कुळाची सुरुवात जपानमध्ये 1953 साली मातीतल्या जिवाणूपासून मिळालेल्या अझोमायसिननं झाली. पुढे फ्रान्समध्ये मेट्रोनिडाझोल तयार झालं ते ट्रायकोमोनासच्या योनीदाहासाठी. 1962 मध्ये इंग्लंडमधल्या एका दंतवैद्यानं ‘लॅन्सेट’मध्ये कळवलं, की या औषधानं रुग्णाच्या हिरड्यांचा आजारही बरा झाला. तिथून त्याचा दुसरा उपयोग कळला. आपलाही यात वाटा आहे. सॅट्रानिडाझोल हे याच कुळातलं औषध मुंबईत गोरेगावच्या सिबा-गायगी संशोधन केंद्रात शोधलं गेलं.

सातारा जिल्ह्यातल्या एका आरोग्य केंद्रात मी याच औषधाची दुसरी बाजू पाहिली. मध्यमवयाचा शेतकरी, रोज दारू पिणारा. उजव्या बरगडीखाली दुखतंय, ताप उतरत नाही. वैद्यकीय अधिकारी डॉक्टरबाईंनी बरगड्यांमध्ये बोटानं दाबलं तसा तो कळवळला. सोनोग्राफीत यकृतात गळू निघालं. अमिबाच्या यकृतगळवात मेट्रोनिडाझोल हेच मुख्य शस्त्र. 800 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, बहुधा 10 दिवसांपर्यंत. तोंडावाटे घेतलेलं औषध जवळजवळ पूर्ण रक्तात जातं, गळवाच्या पुवातही पोचतं. म्हणून उलट्या होत नसतील तर सलाईनमधून देण्यात वेगळा फायदा नाही, हे त्यांनी नातेवाइकांना शांतपणे समजावलं. गळू फार मोठं किंवा डाव्या भागात असेल तर सुईनं पू काढावा लागतो, म्हणून त्याला पुढे पाठवलं. सोबतच्या कागदावर त्यांनी एक ओळ अधोरेखित केली, ‘नंतर डायलोक्झानाइड फ्युरोएट’. मेट्रोनिडाझोल यकृतातला अमिबा मारतं, पण आतड्याच्या पोकळीतल्या त्याच्या सगळ्या पुटी (सिस्ट) मारू शकत नाही. त्यासाठी 500 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, 10 दिवस हे दुसरं औषध लागतं. रुग्णाला बरं वाटलं की ही ओळ राहून जाते आणि आजार परत येतो.

आता त्या लाडक्या पट्टीकडे पाहू. आतड्यातल्या अमिबासाठी टिनिडाझोल 2 ग्रॅम रोज एकदा, 3 दिवस घ्यायचा असतो. जिआर्डियाला तर 2 ग्रॅमचा एकच डोस पुरतो. जोडगोळीत तो 600 मिलिग्रॅम असतो, म्हणजे दिवसातून दोनदा घेऊनही 1200 मिलिग्रॅमच होतात. त्यातही गिऱ्हाईक दोन गोळ्यांवर थांबतं. अमिबासाठी अपुरी आणि विषाणूसाठी निरुपयोगी अशी ही रचना आहे. सोबतचं नॉरफ्लॉक्सासिनसारखं फ्लोरोक्विनोलोन मात्र गरज नसताना आतड्यातल्या जिवाणूंना प्रतिकार शिकवतं. केंद्र सरकारनं सप्टेंबर 2018 मध्ये 328 औषध-संयोगांवर बंदी घातली, तरी प्रतिजैविक आणि नायट्रोइमिडाझोल यांच्या जोडगोळ्या आजही सर्रास मिळतात. त्या बंद व्हायला हव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे.

काउंटरवरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मी एका दुपारी ऐकला. दातांच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन एक आजोबा आले. सुजलेल्या हिरडीसाठी मेट्रोनिडाझोल 400, म्हणजे औषध योग्यच होतं.

‘आजोबा, दुसरी कुठली गोळी चालू आहे?’

‘बीपीची. आन् रक्त पातळ व्हायची एक, संध्याकाळची. व्हॉल्व बदललाय न्हवं.’

फार्मासिस्टनं पट्टी बाजूला ठेवली आणि दवाखान्यात फोन लावला. वॉरफरिन किंवा अॅसिट्रोम यकृतातल्या ज्या एन्झाइमनं मोडली जाते, त्यालाच मेट्रोनिडाझोल अडवतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम वाढत जातो आणि काही दिवसांत हिरडी, लघवी, प्रसंगी मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टरांनी चिठ्ठी बदलली. पर्याय नसेल तेव्हा रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी आयएनआर तपासणी लवकर करून डोस जुळवावा लागतो. लिथियम घेणाऱ्यांनाही मेट्रोनिडाझोलचा धोका असतो.

दारूबद्दल फार्मासिस्टचं सांगणं कडक होतं. गोळ्या चालू असताना आणि मेट्रोनिडाझोलनंतर निदान 2 दिवस, टिनिडाझोलनंतर 3 दिवस थेंब नको. चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छातीत धडधडतं, असा इशारा दिला जातो. अलीकडच्या अभ्यासांनी या परिणामाच्या पुराव्याविषयी शंका घेतली आहे, तरी आजारी यकृताला दारू नकोच. तोंडाला धातूची चव आणि गडद लघवी यांनी मात्र घाबरायचं कारण नाही.

खरी काळजी लांबलेल्या कोर्सची. त्या आरोग्य केंद्रात एका बाईंच्या पायांना मुंग्या येत होत्या. ‘जुनाट अमिबा’ म्हणून त्या महिनोन्‌महिने अधूनमधून याच गोळ्या घेत होत्या. शौचाच्या रिपोर्टमध्ये पुटी दिसल्या की हा शिक्का बसतो. पण निरुपद्रवी एंटअमिबा डिस्पारच्या पुटी सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब तशाच दिसतात. बाईंना बहुधा आतड्याच्या संवेदनशीलतेचा त्रास होता. डॉक्टरबाईंनी गोळ्या थांबवल्या. चार आठवड्यांहून लांबलेल्या उपचारात नसांना इजा होऊ शकते, क्वचित लहान मेंदूवर परिणाम होऊन बोलणं आणि चाल अडखळते. वेळीच थांबवलं तर बहुतेकांना उतार पडतो.

मेट्रोनिडाझोल कायद्यानं अनुसूची ‘एच’मध्ये आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई. पण कायदा दुकानाच्या दारात थांबतो आणि पुढचं काम आपलं असतं. घरात उरलेली अर्धी पट्टी शेजाऱ्याला देऊ नका. दवाखान्यात जाताना चालू असलेली प्रत्येक गोळी पिशवीत घालून न्या, विशेषतः रक्त पातळ करणारी. गर्भारपण असेल, बाळ अंगावर पीत असेल, यकृताचा आजार असेल, तर ते आधी सांगा. आणि पाण्यासारखे जुलाब झाले तर पहिल्यांदा ओआरएस मागा.