स्वॅप : संगणकाचे मागच्या खोलीतले कपाट

वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासायला बसलेल्या शिक्षकाचे टेबल डोळ्यांसमोर आणा. टेबलावर मावतील तेवढेच गठ्ठे समोर ठेवता येतात. बाकीचे मागच्या खोलीतल्या कपाटात ठेवावे लागतात. कपाटातला गठ्ठा हवा असेल, तर आधी टेबलावरचा एखादा गठ्ठा कपाटात ठेवून यायचे आणि मग हवा तो आणायचा. संगणकातही असेच घडते. त्याचे टेबल म्हणजे रॅम ही वेगवान स्मृती आणि कपाट म्हणजे डिस्क. या अदलाबदलीसाठी डिस्कवर राखून ठेवलेली जागा म्हणजे स्वॅप.

अनेकांची कामे एकाच वेळी करणाऱ्या संगणकाला, म्हणजे सर्व्हरला, स्वॅपची जागा किती द्यावी? ‘रॅमच्या दुप्पट’ हे उत्तर अनेक वर्षे ठोकताळा म्हणून सांगितले जाई. आम्हीही ते मानत होतो. एका अनुभवाने आमचे डोळे उघडले.

आमच्या प्रयोगशाळेत ८ गिगाबाइट रॅमचा एक सर्व्हर होता. प्रबंधाची मुदत जवळ आलेल्या एका विद्यार्थ्याने त्यावर चार आकडेमोडी एकदम सुरू केल्या. प्रत्येकीला सुमारे ३ गिगाबाइट स्मृती लागे आणि एकटी चालवली तर ती सहा तासांत संपे. चारही मिळून फार तर दिवसभराचे काम, असा त्याचा हिशोब. तीन दिवस झाले तरी एकही संपली नाही. इतरांना त्या सर्व्हरवर साधी फाईल उघडणेही अशक्य झाले. गंमत म्हणजे प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला होता आणि डिस्कचा दिवा मात्र विझतच नव्हता. आम्ही स्वॅपची जागा दुप्पट केली. काहीही फरक पडला नाही! असे का झाले असावे?

त्यासाठी थोडे मागे जाऊ या. इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ॲटलस’ नावाचा संगणक बांधला. तो १९६२ साली कार्यान्वित झाला. त्याच्या वेगवान स्मृतीत १६,३८४ शब्द मावत आणि फिरत्या चुंबकीय पिंपावर ९८,३०४. (‘शब्द’ म्हणजे ४८ बिटांचा एक संच.) या दोन्ही स्मृती मिळून एकच मोठी स्मृती आहे, असे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला वाटावे, ही त्यांची कल्पना. त्यासाठी त्यांनी स्मृतीचे ५१२ शब्दांचे समान तुकडे केले. या तुकड्याला ‘पान’ म्हणतात. लागेल ते पान पिंपावरून आत आणायचे आणि न लागणारे बाहेर ठेवायचे, हे काम यंत्रच करी. आजचे संगणकही याच तत्त्वावर चालतात. बहुतेकांत पान ४,०९६ बाइटांचे असते.

आता वेगाचा हिशोब करू. रॅममधली माहिती मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या डिस्कवरचे एखादे पान शोधून आणायला सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे एक लाख पट वेळ लागतो. टेबलावरची उत्तरपत्रिका उचलायला एक सेकंद लागतो असे धरले, तर कपाटातली आणायला जवळजवळ २८ तास लागतील! नव्या एसएसडी प्रकारच्या डिस्क पुष्कळ वेगवान असतात. तरी त्याच मापाने पंधरा-वीस मिनिटे लागतीलच.

आणखी एक गणित पाहा. १ गिगाबाइट म्हणजे २,६२,१४४ पाने. ती फिरत्या डिस्कवर इतस्ततः पसरलेली असतील आणि एकेक करून आणावी लागली, तर सुमारे ४४ मिनिटे जातील. कपाट कितीही मोठे केले तरी या वेळात एका सेकंदाचीही बचत होत नाही. आम्ही केलेली चूक हीच. मोठ्या कपाटाने टेबल मोठे होत नाही.

मग स्वॅप निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. सर्व्हरवर काही प्रोग्रॅम सुरू होऊन तासन्‌तास स्वस्थ बसलेले असतात. त्यांची पाने स्वॅपमध्ये गेली तर रॅम मोकळी होते आणि कोणाचेच अडत नाही. शिवाय स्वॅप अजिबात नसताना रॅम पुरती संपली, तर लिनक्ससारखी कार्यप्रणाली एखादा चालू प्रोग्रॅम सरळ बंद करून टाकते. तो कोणाचा असेल, हे सांगता येत नाही. बेताची स्वॅप असेल तर अचानक आलेला ताण काही काळ पेलता येतो आणि आपल्याला सावध होण्यास अवधी मिळतो.

अडचण येते ती प्रत्यक्ष वापरात असलेली पानेच रॅममध्ये मावेनाशी होतात तेव्हा. एक पान आणण्यासाठी जे बाहेर टाकावे, तेच पुढच्या क्षणी हवे असते. संगणकाचा सारा वेळ ने-आण करण्यात जातो. या अवस्थेला ‘थ्रॅशिंग’ म्हणतात. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली तिची कारणमीमांसा केली आणि उपायही सुचवला : ज्यांची वापरातली पाने एकत्र मावतील, तेवढीच कामे एका वेळी चालू ठेवावीत.

आम्ही शेवटी तेच केले. एका वेळी दोनच आकडेमोडी चालवल्या. ६ गिगाबाइट ८ मध्ये सहज मावले आणि चारही आकडेमोडी बारा तासांत पूर्ण झाल्या. प्रबंध वेळेत गेला.

म्हणून सर्व्हर सांभाळताना स्वॅप किती भरली याहून ने-आण किती चालली आहे, हे पाहणे महत्त्वाचे. लिनक्समध्ये ‘व्हीएमस्टॅट’ ही आज्ञा दिली की ‘एसआय’ आणि ‘एसओ’ या रकान्यांत आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पानांचा वेग दिसतो. स्वॅप निम्मी भरली असून हे आकडे शून्याजवळ असतील, तर काळजी नको. ते सतत मोठे राहत असतील, तर कामे कमी करावीत किंवा रॅम वाढवावी. ‘स्वॅपिनेस’ नावाची एक संख्याही बदलता येते. ती सहसा ६० असते. पण रॅम ६० टक्के भरल्यावर स्वॅप सुरू होते, असा तिचा अर्थ नाही. जागा करताना प्रोग्रॅमची पाने बाहेर पाठवण्याकडे कल किती आणि फाईलींच्या रॅममधील प्रती टाकून देण्याकडे किती, हे ती ठरवते.

हे सारे वर्गात करून पाहता येईल. फळ्यावर तीन चौकोन काढा, ही रॅम. १ ते ४ आकड्यांची चार कार्डे घ्या, ही पाने. १, २, ३, ४ अशा क्रमाने पाच फेऱ्या पुकारा. पुकारलेले कार्ड चौकोनात नसेल, तर सर्वांत जास्त वेळ न वापरलेले कार्ड काढून तेथे नवे ठेवा आणि एक खेप मोजा. वीस पुकारांना वीस खेपा होतील! आता चौथा चौकोन काढून खेळ पुन्हा खेळा. खेपा फक्त चार होतात. मग मुलांना विचारा : चौकोन तीनच ठेवले, पण कार्ड काढण्याचा नियम बदलला तर? उत्तर त्यांनाच शोधू द्या.