टार्डेबिगचा चढ

सकाळी ७.१५
इंग्लंडातला वूस्टर-बर्मिंगहॅम कालवा. ऑक्टोबर महिना. गवत ओलं आहे. बोटी पोहोचवून देणारी ही बाई साठीला आली आहे. कुणी बोट विकत घेतली, की ती त्याच्या गावी नेऊन द्यायची. दिवसाचे दीडशे पौंड. डिझेल मालकाचं, घरी परतायचं रेल्वेतिकीट तिचं. फळी उचलून ती इंजिनाचं तेल बघते, चहा उभ्यानेच पिते आणि काठात ठोकलेले लोखंडी खुंटे हातोडीने हलवून उपसते.

८.००
टार्डेबिगची ३० लॉक इथून सुरू होतात. लॉक म्हणजे दरवाजांमधलं कुंड; त्यात पाणी भरलं की बोट वरच्या पातळीला येते. सव्वादोन मैलांत ६७ मीटर चढायचं. ब्रिटनमध्ये लॉकची एवढी लांब रांग दुसरी नाही. बोट ५७ फूट लांब आणि जेमतेम सात फूट रुंद. लॉकही जवळजवळ तेवढंच रुंद. भिंतीला न घासता ती बोट आत घालते, छतावर चढते आणि शिडीने वर येते. खालचे दरवाजे बंद करते. पाणी सोडणाऱ्या वरच्या झडपेच्या दांड्यावर विंडलास, म्हणजे ती फिरवायचं हँडल, बसवते. आधी अर्धीच झडप उघडते. पुढचं टोक दरवाजाच्या आडव्या तुळईखाली अडकलं, तर बोट वर येत नाही, पाणी मात्र चढत राहतं. टोक मोकळं दिसल्यावरच पुढचे वेढे.

लॉक भरतं. दरवाजाच्या लांब दांड्याला पाठ लावून, विटांच्या कंगोऱ्यांत टाचा रोवून ती रेटते. बोट बाहेर काढून बांधते. मग परत मागे जाऊन दरवाजा लावते, झडपा पाडते. मग पुढे चालत जाऊन वरचं लॉक भरलेलं असेल तर रिकामं करते आणि पुन्हा बोटीकडे येते. सोबतीला माणूस असता तर यातलं अर्धं चालणं वाचलं असतं. पण सोबत्याला रोज द्यावा लागतो.

१०.२०
इंजिनाचा आवाज बदलतो. बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात काहीतरी अडकलंय. इंजिन बंद करून ती किल्ली खिशात टाकते, मागचं झाकण उघडते आणि पालथी पडून कोपरापर्यंत हात थंडगार पाण्यात घालते. पाव कापायच्या जुन्या सुरीने प्लॅस्टिकची पिशवी चिंधी-चिंधी करून निघते. अर्धा तास गेला. बोटं लाल झालीत. या अर्ध्या तासाचे वेगळे पैसे नसतात.

११.४५
वरून एक बोट उतरताना दिसते. बाईचा चेहरा खुलतो. उतरणारी बोट लॉक रिकामी ठेवून जाते, म्हणजे पुढची सगळी हिच्यासाठी तयार. ‘दरवाजा राहू द्या, मी आत येतेय,’ ती ओरडून सांगते. त्या बोटीवरचे लोक हात हलवतात. पुढचा तासभर चाल दुप्पट होते.

दुपारी १.१०
पाव, चीज, सफरचंद. विंडलास मांडीवरच. तो पोलादीच घ्यायचा, असा तिचा आग्रह. पाण्यात पडला तर दोरीला बांधलेल्या चुंबकाने वर येतो. ॲल्युमिनियमचा हलका असतो, मनगटाला बरा, पण पडला की गेला.

३.१५
उजवा खांदा दुखतोय. आता विंडलास डाव्या हाताने फिरवते. बाजूला टार्डेबिगचा जलाशय लागतो.

४.१०
शेवटचं लॉक, चौदा फूट खोल. १८०८ साली इथे बोटी उभ्या उचलणारी लिफ्ट करून पाहिली होती. ती टिकली नाही, तिच्या जागी हे लॉक आलं. याच वरच्या टोकाला लेखक एल. टी. सी. रोल्ट यांची ‘क्रेसी’ ही बोट बांधलेली असे. १९४५ मध्ये कालवाप्रेमी रॉबर्ट एकमन त्यांना भेटायला आले आणि पुढच्या वर्षी कालवे वाचवणारी संस्था उभी राहिली. मला वाटतं, तिच्या रोजगाराचं मूळ त्या भेटीत आहे.

५.००
खुंटे ठोकते. दोर थोडा सैल ठेवते. शेजारून बोट गेली की पाणी ओढतं. पंख्याच्या दांड्याला ग्रीस देते. वहीत इंजिनाचे तास लिहिते. तासाला दीड लिटर धरून डिझेलचा हिशेब निघतो. उद्या बर्मिंगहॅमपर्यंत चौदा मैल एकही लॉक नाही, पण बोगदे आहेत. त्यातला वास्ट हिलचा अडीच किलोमीटर लांब. ती पुढचा दिवा लावून बघते. मंद आहे. पिशवीतून नवा बल्ब काढून बसवते आणि त्याचे चार पौंड मालकाच्या नावावर मांडते.