जुन्या तबकड्यांचे शौकीन आणि आजच्या गप्पा

जुन्या वस्तूंचा छंद असलेली माणसे एकत्र जमली म्हणजे ती जुन्या वस्तूंविषयीच बोलत असतील, अशी बाहेरच्या माणसाची स्वाभाविक समजूत असते. प्रत्यक्षात तसे घडत नाही. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या ग्रामोफोन-तबकड्या जमविणाऱ्यांच्या बैठकीत कोणी तास-दोन तास कान देऊन बसला, तर त्याला आढळून येईल की, संभाषणाचा बराच मोठा भाग विजेचे बिल, मेट्रोचे खोदकाम, परदेशी गेलेली मुले, गुडघ्याची शस्त्रक्रिया, मोबाइलवरून पैसे पाठविण्याची रीत असल्या विषयांनी व्यापलेला असतो. विशेष म्हणजे हे बोलणे चालू असता आपण मुख्य विषयापासून ढळलो, असे कोणाच्याही चेहऱ्यावर दिसत नाही.

ह्याची दोन उत्तरे सामान्यतः दिली जातात. पहिले असे की, जुन्याचा शौकीन हा मुळात वर्तमानावर रुसलेला असतो व आजच्या गप्पा म्हणजे त्या रुसव्याचाच आविष्कार होय. १६८८ साली योहानेस होफर ह्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बासेल येथे सादर केलेल्या प्रबंधात स्वदेशविरहाच्या विकाराला ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव दिले. पुढे विकाराचे नाव भावनेला चिकटले आणि आता तर कोणत्याही संग्राहकाच्या पाठीवर ते बिनदिक्कत डकविले जाते. परंतु हेच संग्राहक आपल्या तबकड्यांच्या संगणकीय प्रती काढतात, दुर्मिळ तबकडीचा माग इंटरनेटवरून लावतात, आणि नवी श्रवणयंत्रे कोठे स्वस्त मिळतात ह्याची चौकशी एकमेकांजवळ आवडीने करतात. रुसलेल्या माणसाची ही लक्षणे नव्हेत. दुसरे उत्तर असे की, माणसे जमली की इकडचे तिकडचे बोलणारच, त्यात विवरण करण्यासारखे काय आहे? ह्या उत्तरात तथ्य आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या डनबार व त्यांच्या सहकाऱ्यांच्या इंग्लंडमधील पाहणीत अनौपचारिक संभाषणाचा सुमारे दोन-तृतीयांश वेळ माणसांविषयीच्या व समाजव्यवहाराच्या बोलण्यात जातो, असे दिसून आले. तथापि ज्यांच्याजवळ बोलावयास इतका भरगच्च विषय आहे, त्यांनाही तो का पुरू नये, हा प्रश्न त्याने सुटत नाही. आजच्या गप्पा हा ह्या छंदाला बाहेरून चिकटलेला भाग नसून छंदाच्याच घडणीतून त्या निर्माण होतात, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

प्रथम ‘जुने’ ह्या शब्दाचाच विचार करू. सोस्यूरने शिकविल्याप्रमाणे भाषेतील चिन्हाचे मूल्य त्याच्या शेजारच्या चिन्हांवरून ठरते. ‘जुने’ हे विशेषण ह्या नियमाचे उत्तम उदाहरण होय. कारण कोणतीही वस्तू स्वतःच्या ठायी जुनी नसते, नवी वस्तू शेजारी आल्यावर ती जुनी होते. १९०२ साली गेसबर्गने कलकत्त्यास गौहरजानचे गाणे मुद्रित केले, तेव्हा त्या तबकडीला कोणी ‘अठ्ठ्याहत्तरची’ म्हटले नसेल; ती नुसती रेकॉर्ड होती. १९४८ साली कोलंबियाची ३३⅓ फेऱ्यांची दीर्घ तबकडी आली, १९४९ साली आर. सी. ए. व्हिक्टरची ४५ फेऱ्यांची आली, आणि मग मागे राहिलेल्या भावंडाला गतीवरून नाव पडले. ‘साधा फोन’, ‘चावीचे घड्याळ’, ‘हाताने चालविण्याचे शिवणयंत्र’ ही नावेही अशीच मागाहून पडलेली आहेत. अशा नावांना इंग्रजीत ‘रेट्रोनिम’ म्हणतात; मराठीत त्यांना ‘पश्चात्-नाम’ म्हणावयास हरकत नाही. तेव्हा ‘मी अठ्ठ्याहत्तरच्या रेकॉर्डी जमवितो’ हे संग्राहकाचे अगदी पहिले वाक्यही नव्याच्या उल्लेखाशिवाय उच्चारता येत नाही. पुढचे बोलणे नव्याकडे वळले तर त्यात नवल ते काय?

मात्र शब्दार्थाच्या ह्या नात्यावरून गप्पांची शक्यता तेवढी सिद्ध होते. त्या कोणत्या क्षणी सुरू होतात हे पाहण्यासाठी खुद्द यंत्राकडे वळावे लागते. दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपते. ती वाजत असता बैठकीत बोलण्यास अलिखित बंदी असते. फार तर एखादी मान हलते, समेला एखादा हात पडतो. बाजू संपली की साउंडबॉक्स उचलावयाचा, पोलादी पिन बदलावयाची, तबकडी उलटी करावयाची, चावी द्यावयाची, असा क्रम असतो. पिन दर बाजूस नवी लागते, कारण लाखेत मिसळलेल्या कठीण भुकटीने तिचे टोक झिजते आणि झिजलेली पिन तबकडीची चर खाते. ह्या सर्व सोपस्कारास अर्धे-पाऊण मिनिट तरी मोडतेच. म्हणजे यंत्र स्वतःच संभाषणाला तीन मिनिटांचे मौन आणि अर्ध्या मिनिटाची मुभा असा ताल घालून देते. यजमानाचे हात यंत्रात गुंतलेले असतात, बाकीच्यांचे मोकळे असतात. पहिला उद्गार अर्थातच गाण्याविषयी निघतो. पण गाण्याविषयी नेमके असे काही बोलावयाचे तर अर्धे मिनिट अपुरे असते, आणि विषयाला हात घालून तो अर्धवट सोडणे जाणकाराला रुचत नाही. अर्ध्या मिनिटात पुरे होणारे, तुटले तरी हळहळ न वाटणारे, आणि पुढच्या विरामात कोठूनही पुन्हा उचलता येणारे बोलणे म्हणजे रोजच्या जगण्याचे बोलणे. पाण्याची वेळ बदलली, हे सांगण्यास अर्धे मिनिट पुष्कळ झाले.

ह्या अनुमानाची उलट बाजूने पडताळणी करता येते. हीच गाणी संगणकावरून एकापाठोपाठ एक अखंड वाजविली, तर विराम नाहीसा होतो. मग श्रोते एक तर गाणे चालू असतानाच बोलू लागतात, किंवा सभागृहातल्यासारखे मुकाट बसून राहतात. दोन्ही प्रसंगी बैठकीची कळा जाते. ऐकण्याची शिस्त आणि बोलण्याची मोकळीक ह्या दोन्ही गोष्टी एकाच यांत्रिक अपुरेपणातून आलेल्या आहेत, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

अशा बोलण्याचे वर्णन करावयास भाषाशास्त्रात एक संज्ञा तयार आहे. मॅलिनोव्हस्कीने १९२३ साली ऑग्डन व रिचर्ड्स यांच्या ग्रंथास जोडलेल्या परिशिष्टात ‘फॅटिक कम्युनियन’, म्हणजे केवळ संपर्क राखण्यासाठी केलेले बोलणे, ही कल्पना मांडली आणि याकोबसनने १९६० मध्ये भाषेच्या सहा कार्यांत तिला स्थान दिले. परंतु ही संज्ञा येथे लावली की काम झाले, असे मानणे घाईचे होईल. बसथांब्यावरील दोन अनोळखी माणसेही पावसाविषयी बोलतात. ते बोलणे दोघांपैकी कोणालाही घरी गेल्यावर आठवत नाही. संग्राहकांच्या गप्पा मात्र लोक आठवडाभर मनात घोळवितात. फरक आहे तो परस्परांच्या पारखीवरील विश्वासाचा. ज्याने घासलेल्या तबकडीच्या खरखरीतून मूळ आवाज ओळखला, ज्याने लेबलावरचा मजकूर चुकीचा असून तबकडीच्या अंगावर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक खरा आहे हे दाखवून दिले, त्याचे इस्पितळाविषयीचे किंवा नव्या मोटारीविषयीचे मतही ऐकण्यालायक असेल, असे श्रोत्याला वाटते. तर्कशास्त्राच्या दृष्टीने हे अनुमान लंगडे आहे. तबकडीची पारख आणि मोटारीची पारख ह्यांचा संबंध नाही. पण माणसे एकमेकांवर विश्वास ठेवतात तो बहुधा असाच.

ह्याच्या जोडीला दर्जाचा प्रश्न येतो. मुख्य विषयावर बोलणे चालू असता बैठकीतील प्रत्येकाची पायरी ठरलेली असते. चाळीस वर्षे मुंबईचा चोरबाजार आणि बुधवार-रविवारचा पुण्याचा जुना बाजार पालथा घातलेल्या माणसापुढे नवखा तरुण बोलत नाही, विचारतो. बोलणे आजच्या जीवनाकडे वळले की पायऱ्या उलटतात. ज्येष्ठ संग्राहक मोबाइल पुढे करून ‘हे काय झाले आहे, बघा बरे’ म्हणतो, आणि मघाचा विद्यार्थी दोन मिनिटे गुरू होतो. जॉर्ज झिमेलने १९१० साली फ्रँकफुर्ट येथील भाषणात म्हटले होते की, निव्वळ सहवासासाठी जमलेल्या मंडळींत प्रत्येकजण समान असल्याप्रमाणे वागतो; ती समानता खरी नसते, खेळासारखी असते. संग्राहकांच्या बैठकीत ती आजच्या गप्पांच्या वेळीच पाहावयास मिळते. ज्या मंडळाने विषयांतराला सक्त मनाई केली त्याने नवख्यांना कायमचे खालच्या पायरीवर बसविले, आणि नवखा तेथे फार काळ टिकत नाही.

मराठीचे व्याकरणही ह्या दोन बोलण्यांतील भेद टिपते. समोरच्या माणसाला ‘तुम्ही’ म्हणणारा संग्राहक गायकाविषयी मात्र एकवचनात बोलतो: ‘बालगंधर्व इथे काय थांबलाय!’, ‘भीमसेन तेव्हा पोरसवदा होता.’ हे एकवचन अनादराचे नव्हे, ते देवाला ‘तू’ म्हणण्याच्या जातीचे आहे. शिवाय क्रियापद बहुधा वर्तमानकाळी असते. गायकाला जाऊन कित्येक वर्षे झाली तरी तबकडीवर तो ‘समेवर येतो’. उलट आजच्या जीवनाविषयीची वाक्ये ‘हल्ली’ ह्या शब्दाने सुरू होतात आणि ‘पूर्वी असे नव्हते’ ह्या भूतकाळाकडे धावतात. गेलेले वर्तमानकाळात आणि चालू असलेले भूतकाळाच्या तुलनेत, अशी ही उलटापालट आहे. (मंत्र्यांचा उल्लेखही एकवचनातच होतो, पण ते एकवचन वेगळ्या घराण्याचे.)

शब्दसंग्रहाची देवाणघेवाण ह्याहून उघड आहे. ‘पिन अडकणे’, ‘तीच ती रेकॉर्ड लावणे’ हे वाक्प्रचार ज्यांनी ग्रामोफोन पाहिलेलाही नाही असे मराठी भाषिक सर्रास वापरतात. त्यांच्या दृष्टीने ते मृत रूपक होय. संग्राहकांत मात्र ते जिवंत असते. पुढाऱ्याची पिन अडकली असे कोणी म्हणताच दुसरा ‘हलकेच पुढे ढकला’ असे म्हणून जातो, कारण चर तुटलेल्या तबकडीवर त्याने तसे हाताने केलेले असते. ‘गाणे लावणे’ ह्या प्रयोगाविषयी थोडे सावध राहिले पाहिजे. दिवाही लावतात आणि तंबोराही, तेव्हा हे क्रियापद तबकडीनेच दिले असे म्हणता येत नाही. पण मोबाइलवर गाणे लावताना कोठेच काही टेकवावे लागत नाही, ही गंमत ज्याने पिन टेकविली आहे त्यालाच जाणवते. आधुनिक जीवनाविषयी बोलताना संग्राहकांना जो विशेष आनंद होतो त्याचा एक भाग हा आहे: आपली परिभाषा त्या जीवनाला लावून पाहण्याचा.

ह्या विवेचनाचा संशोधनाच्या पद्धतीशी थेट संबंध आहे. जुन्या ध्वनिमुद्रणांची माहिती पुष्कळशी छापील सूचींत नाही. ती वयोवृद्ध संग्राहकांच्या स्मरणात आहे. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने ह्यातील पुष्कळ माहिती आपल्या नियतकालिकातून नोंदविली, पण स्मरणातले सर्वच कागदावर येते असे नाही. मुलाखतीस गेलेला विद्यार्थी बहुधा काय करतो? वृद्ध गृहस्थ गायकांविषयी बोलत असेपर्यंत तो ध्वनिमुद्रण चालू ठेवतो, आणि बोलणे घराच्या पुनर्विकासाकडे वळले की ‘अवांतर’ समजून यंत्र बंद करतो, किंवा लेखनिकेत तीन टिंबे देतो.

संभाषणविश्लेषणाचा पाया घालणाऱ्या हार्वे सॅक्सने दाखविले आहे की, एका गोष्टीच्या पोटातून तशीच दुसरी गोष्ट निघते आणि विषय पायरीपायरीने सरकतो. उडी मारल्यासारखा क्वचितच बदलतो. समजा, बोलणे पुनर्विकासावर आले. जुनी इमारत पाडणार, भाड्याची दोन खोल्यांची जागा मिळाली, माळ्यावरचे सामान ठेवावयाचे कोठे, हे रडगाणे झाले. मग शेजारच्या इमारतीतील कोणा वकिलाच्या घरी असेच झाले, मुलांनी सगळा संग्रह भंगारवाल्यास वजनावर दिला, त्यातील काही पेट्या अमक्या दुकानात आल्या, हे निघाले. आणि मग, मघाशी वाजविलेली ती तबकडी त्याच पेटीतली, हे सहज बोलण्याच्या ओघात बाहेर पडले. ती तबकडी कोणत्या हातांतून कोणत्या हातांत गेली ह्याचा एकमेव पुरावा आजच्या गप्पांच्या तिसऱ्या पायरीवर होता. ‘ही आपणांस कोठे मिळाली?’ ह्या सरळ प्रश्नाला ‘बाजारात’ एवढेच उत्तर मिळाले असते.

भाषेच्या अभ्यासकाचा तोटा ह्याहून मोठा. लॅबवने दाखवून दिल्याप्रमाणे माणूस आपल्या बोलण्यावर जितके लक्ष ठेवतो तितके ते बोलणे त्याच्या नित्याच्या बोलीपासून दूर जाते. आपल्या विषयावर अधिकाराने बोलणारा संग्राहक प्रमाण मराठी बोलतो, इंग्रजी संज्ञा नीट उच्चारतो, वाक्य पुरे करतो. पाण्याच्या टँकरवर बोलणे आले की त्याची कोकणी, वऱ्हाडी किंवा पेठेतली मराठी मोकळी होते. यंत्र बंद होते ते नेमके ह्या क्षणी. तेव्हा विभागातर्फे घेतल्या जाणाऱ्या मुलाखतींत यंत्र आरंभापासून निरोपापर्यंत अखंड चालू ठेवावे, आणि तशी संमती मुलाखत देणाऱ्याकडून आधीच घ्यावी. विषयांतराच्या जागी टिंबे न देता पूर्ण लेखन करावे. तबकडी उलटविण्याचे विराम सेकंदांत नोंदवावेत. आणि त्या विरामांत प्रथम कोण बोलले, हे समासात लिहावे.